चादरीवरच्या मुंग्या

मंगळवारी रात्री अडीचला आरएमओचा, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरचा फोन. "मॅडम, खुब्याच्या आजी बिथरल्यात. सलाईन उपटलंय. हॅलोपेरिडॉल देऊ?" विचारेपर्यंत ते शांत करणारं इंजेक्शन दिलंही होतं. "सर म्हणाले, वय झालंय, ऑपरेशननंतर होतंच असं."

होतं खरं. पण मी जाऊन आजींचा हात धरला तर तळवा घामानं ओला, बोटं थरथरतायत, नाडी १३०, बीपी १८०/१००. सोडियम, साखर, ऑक्सिजन सगळं ठीक. आजी चादरीवरून एकेक मुंगी चिमटीत धरून खाली टाकत होत्या, अगदी तांदूळ निवडावेत तशा.

तेव्हा मला सोमवारचं ऑपरेशन आठवलं, भूल मीच दिली होती. पाठीत स्पायनल भूल दिल्यावर आजी घाबरल्या होत्या म्हणून गुंगीचं मिडाझोलाम १ मिग्रॅ दिलं, मग आणखी १. या वयाचा माणूस एवढ्यावर घोरायला लागतो. आजी टक्क जाग्या! हातोडीचा आवाज ऐकून "सुतार लावलाय का?" म्हणून विचारत होत्या. आम्ही हसलो. चार्टवर मी लिहिलं, 'मिडाझोलाम २ मिग्रॅ, परिणाम नाही.' लिहिलं आणि पान उलटलं.

बाहेर बाकावर झोपलेल्या मुलाला उठवलं. भुलेच्या तपासणीत त्यानं "बीपीची एक गोळी, बाकी काही नाही" असं सांगितलं होतं. आता विचारलं, "झोपेसाठी काय घेतात?"

"ती होय? ती रोजचीच."

झोपेची गोळी लोक औषधात धरतच नाहीत, हे मला पंधरा वर्षांत कळायला हवं होतं. नातू गावाहून आजींचा बटवा घेऊन आला. सुपारी, अडकित्ता आणि अल्प्राझोलाम ०.५ मिग्रॅ, मिडाझोलामच्याच जातीची. दुपारी एक, रात्री दोन. आजोबा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं. ही गोळी २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं जपायची. आजींचा दुकानदार कात्रीनं पट्टी कापून द्यायचा. लाल चौकटीतला इशारा बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेला असावा.

रविवारी रात्री पडल्यापासून एकही गोळी पोटात नव्हती. अकरा वर्षांची सवय एकदम तुटली, त्याचीच ही थरथर आणि मुंग्या. त्याच जातीचं लोराझेपाम २ मिग्रॅ दिलं, शिरेतून, सावकाश. वीस मिनिटांत नाडी १०४ वर आली आणि आजींनी पाणी मागितलं. चार्टवरचं ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषध मी खोडलं. आमच्याकडे ते प्रत्येक हाडाच्या पेशंटला छापल्यासारखं लिहिलेलं असतं. पण अशी गोळी एकदम बंद झालेल्या माणसाला ते, आणि हॅलोपेरिडॉलही, आकडीच्या झटक्यांच्या जवळ नेतं. दुखण्यासाठी जांघेत नस बधिर करणारा ब्लॉक दिला. सकाळी त्यांच्याच गोळ्या त्यांच्याच वेळेला सुरू केल्या.

राउंडला हाडांचे सर म्हणाले, "अनायासे सुटलीय तर सुटू दे की." मी नाही म्हटलं, जरा मोठ्यानंच. कमी करायची ती घरी गेल्यावर, महिनोन् महिने, थोडी थोडी. डिस्चार्ज कार्डावर मात्र गोळीचा उल्लेखच नव्हता. मी पेनानं लिहिला.

सहा आठवड्यांनी आजी वॉकर घेऊन आल्या. दुपारची गोळी अर्ध्यावर आली होती. रात्री मोरीकडे जाताना त्या पडल्या, तो तोल दोन गोळ्यांनीच गेला होता का, हे मला विचारायचं होतं. त्याआधी त्यांनीच मला जवळ बोलावलं.

"डॉक्टरीणबाई, पण मुंग्या होत्या हो त्या रात्री."