‘जोराची’ धाव म्हणजे किती? महिला रग्बीतील वेग मोजतानाचा माझा अनुभव

लघुशोधप्रबंधासाठी मी महिला रग्बी सेव्हन्स हा खेळ निवडला, त्यामागे साधे कारण होते. परभणी-नांदेड पट्ट्यात या खेळाकडे वळलेल्या ज्या मुली मी पाहिल्या, त्या बहुतेक कबड्डी किंवा खो-खोमधून आलेल्या होत्या. त्यांची पकड पाहून प्रशिक्षक खूश असत, पण दुसऱ्या सत्रात त्या का थकतात याचे उत्तर प्रत्येक जण अंदाजानेच देई. सेव्हन्सचे मैदान पंधरा जणींच्या रग्बीएवढेच मोठे असते, खेळाडू मात्र प्रत्येक बाजूला सातच आणि सत्रेही सात-सात मिनिटांची. त्यामुळे एकेकीच्या वाट्याला येणारी मोकळी जागा दुपटीहून अधिक होते आणि ती धावूनच भरून काढावी लागते. ही धाव किती आणि त्यातली जोराची किती, एवढेच मला मोजायचे होते. विषय ऐकून मार्गदर्शक सरांनी विचारले, “जोराची म्हणजे किती?” पुढचे बहुतेक काम या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिले.

मोजण्यासाठी जीपीएस यंत्रे उसनी मिळाली. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असलेले हे यंत्र घट्ट बनियनसारख्या जाकिटात, पाठीवर दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये बसते आणि सेकंदाला 10 वेळा वेगाची नोंद करते. सामन्यापूर्वी ते काही वेळ उघड्या आकाशाखाली ठेवावे लागते, म्हणजे त्याला पुरेसे उपग्रह सापडतात. दोन यंत्रांच्या नोंदींत थोडा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येकीला शेवटपर्यंत एकच यंत्र द्यायचे, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. संमतिपत्रे मिळवणे त्याहून नाजूक होते. एका खेळाडूच्या वडिलांनी विचारले, “मॅडम, ह्या यंत्रात लेकरू कुठं कुठं जातंय ते बी दिसतं का?” प्रश्न रास्त होता. यंत्र फक्त मैदानावरच अंगावर असेल, सामना संपताच माझ्याकडे जमा होईल आणि प्रबंधात मुलींची नावे न येता फक्त क्रमांक येतील, हे मी मराठीत लिहून दिले. त्यानंतर त्यांनी सही केली आणि ओळखीच्या आणखी दोन घरांना समजावण्याचे कामही स्वतःहून केले.

यंत्रासोबतच्या प्रणालीत वेगाचे टप्पे आधीच ठरवून दिलेले होते आणि जोराची धाव सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर, या वेगापासून सुरू होत होती. असे आकडे मुख्यतः पुरुष खेळाडूंच्या मोजमापांतून रूढ झालेले आहेत. ऑस्ट्रेलियातील महिला सेव्हन्स खेळाडूंवरचा 2015 मधील एक अभ्यास सरांनी मला वाचायला दिला. त्यात प्रयोगशाळेत श्वासातील वायू मोजून, ज्या वेगापासून शरीरावर खरा ताण येऊ लागतो तो वेग काढला होता आणि त्याची सरासरी सेकंदाला 3.5 मीटरच्या आसपास आली होती. 5 मीटरची सीमा लावली, तर काही खेळाडूंची जोराची धाव 30 टक्क्यांपर्यंत कमी मोजली जाते, असे त्यात दिसले. पण सरसकट 3.5 ची सीमा लावणेही मला पटले नाही, कारण सरासरी ही कोणा एकीची नसते. प्रत्येकीची सीमा तिच्या स्वतःच्या क्षमतेवरून ठरवावी, असे आम्ही ठरवले.

श्वासातील वायू मोजणारी यंत्रणा आमच्या आवाक्यात नव्हती, म्हणून आम्ही मैदानावरच्या चाचण्या घेतल्या. पहिली चाचणी पाच मिनिटांच्या धावेची होती. या वेळेत जास्तीत जास्त जितके अंतर कापले जाईल त्याला 300 ने भागले, की टिकवून धरता येणाऱ्या वेगाचा चांगला अंदाज मिळतो. कोणी 1,050 मीटर धावली, तर तिचा वेग सेकंदाला 3.5 मीटर येतो. हा वेग आणि ऑस्ट्रेलियातील अभ्यासातली सीमा या शरीरक्रियेच्या दृष्टीने एकच गोष्ट नव्हे, त्यामुळे आमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे मी कटाक्षाने टाळले.

दुसरी चाचणी सर्वोच्च वेगाची होती. 40 मीटरच्या सरळ धावेत शेवटच्या 10 मीटरची वेळ घ्यायची, पण हे अंतर दीड सेकंदाच्या आसपासच संपते आणि हाताने स्टॉपवॉच दाबताना होणारी दशांश-दोन दशांश सेकंदाची चूक तिथे फारच मोठी ठरते. म्हणून सेकंदाला 240 चित्रे टिपणाऱ्या मोबाइलवर चित्रीकरण केले आणि खांब ओलांडल्याचे चित्र शोधून वेळ काढली. काम किचकट, पण खर्च शून्य. उन्हामुळे सगळ्या चाचण्या सकाळीच उरकाव्या लागत आणि त्याही पहिल्या एसटीने मुली पोहोचल्यानंतर. पाऊस झाला की काळ्या मातीचे मैदान बुटांना चिकटे, मग त्या दिवशीची चाचणी पुढे ढकलायची, कारण चिखलातला वेग तुलनेला निरुपयोगी.

सामन्यांच्या नोंदी हाती आल्यावर खरी मेहनत त्या निवडण्यात गेली. मध्यंतराची आणि राखीव बाकावर बसल्याची वेळ वगळली नाही, तर दर मिनिटाला धावलेले अंतर उगाच कमी दिसते. क्षणभर सीमा ओलांडून लगेच खाली आलेला वेगही धाव म्हणून धरायचा नाही, म्हणून किमान एक सेकंद टिकलेली धावच मी मोजली. मग त्याच नोंदी प्रणालीतली तयार 5 मीटरची आणि प्रत्येकीची स्वतःची, अशा दोन्ही सीमांनी तपासल्या. तयार सीमेनुसार विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या मुली सगळ्यात वर होत्या आणि स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघ खांदे भिडवून रेटतात तिथे, उतरणारी, अंगाने भक्कम अशी आमची एक खेळाडू तळाशी होती. प्रत्येकीची स्वतःची सीमा लावल्यावर विंगचा क्रम फारसा हलला नाही, पण ही मुलगी मधल्या फळीत आली. तिचा सर्वोच्च वेगच कमी असल्याने सेकंदाला 5 मीटर म्हणजे तिच्यासाठी जवळजवळ पूर्ण ताकदीची धाव होती. तिच्या खालच्या वेगातले कष्ट तयार तक्त्यात चालणे-पळणे म्हणून जमा होत होते. टॅकल (चेंडू घेऊन धावणारीला धरून पाडणे), रक (जमिनीवरच्या चेंडूवर होणारी रेटारेटी) आणि स्क्रममधील झोंबाझोंबी तर वेगाच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही, हे मी प्रबंधात वेगळे नमूद केले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, की प्रत्येकीची सीमा वेगळी असेल तर दोघींची तुलना कशी करायची. संघनिवडीसाठी समान सीमा आणि सरावाचा भार ठरवण्यासाठी स्वतःची सीमा, असे उत्तर मी दिले आणि दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवण्याची त्यांची सूचना मान्य केली. प्रशिक्षकांनी मात्र त्याआधीच बदल केला होता. शटल धावांसाठी, म्हणजे ठरावीक अंतरावर ये-जा करत पळण्यासाठी, सगळ्यांना एकाच ओळीपर्यंत पळवण्याऐवजी, प्रत्येकीच्या पाच मिनिटांच्या चाचणीवरून तिचे अंतर काढून ते तितक्या मीटरवर खुणेचे वेगवेगळे शंकू मांडू लागले होते.