गिटारचं जास्तीचं भोक

अमेरिकन गायक विली नेल्सनच्या गिटारला एक भोक जास्तीचं आहे. मधोमध गोल असतं ते आहेच, पण त्याच्या शेजारी अजून एक, वेडंवाकडं, वाजवून वाजवून पडलेलं. मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार, १९६९ पासून त्याच्याकडे, नाव ट्रिगर. ही जात खरं तर बोटांनी वाजवायची, म्हणून पिकपासून (तारा छेडायची छोटी चकती) लाकूड वाचवणारी पट्टी, पिकगार्ड वगैरे तिला काही नसतं, आणि हा बाबा वर्षानुवर्षं तिच्यावर पिकच घासत राहिला, मग पडणारच ना भोक! मी व्हिडिओ पॉज करून, झूम करून ते भोक किती वेळा बघितलंय ते सांगत नाही.

तर मुद्दा असा की आपण फॅन लोक नक्की कशाच्या पाया पडतो? आवाजाच्या म्हणावं तर २०१२ मध्ये छापून आलेला तो व्हायोलिनचा प्रयोग आठवतो. २१ वादक, डोळ्यांवर काळे गॉगल, जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटी टेकतात तिथे चक्क सेंट लावलेलं, आणि हातात कधी स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे सुमारे तीनशे वर्षं जुनी, नावाजलेली व्हायोलिन, तर कधी नवीकोरी. बहुतेकांना जुनी-नवी ओळखता आली नाही, आणि सगळ्यात नावडती ठरली ती एक स्ट्रॅडिव्हेरियसच! हे वाचून मला आधी वाईट वाटलं आणि मग जरा हसू आलं.

बरं, दिसण्याच्या म्हणावं तर गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ब्लॅकी नावाच्या गिटारच्या फेंडर कंपनीने २००६ मध्ये हुबेहूब २७५ कॉप्या काढल्या, प्रत्येक ओरखडा जागच्या जागी, सिगरेटने जळलेला डागसुद्धा. पण कॉपीवरचा डाग म्हणजे कुणीतरी पगार घेऊन, मोजूनमापून जाळलेला ना, तो बघून माझ्या अंगावर काही काटा येत नाही.

मला वाटतं आपल्याला ती झीजच हवी असते. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा रंग जवळजवळ सगळा उडालाय, आत नुसतं लाकूड. एकदा ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी भर पावसात खड्ड्यात पडलेली सापडली, त्याने पुसली आणि परत वाजवायला लागला. त्या लाकडात त्याचा घाम मुरलाय. माणूस १९९५ मध्ये गेला, घाम राहिला. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने १९९३ मध्ये एमटीव्हीच्या कार्यक्रमात वाजवलेली गिटार २०२० मध्ये साठ लाख डॉलरला गेली तेव्हा सगळे वेड्यात काढत होते, मला मात्र तो घेणारा थोडासा कळला. त्या कार्यक्रमानंतर पाच महिन्यांत कोबेन गेला, आता त्याचा हात जिथे टेकला ती जागा तेवढी उरलीय.

फक्त काचेच्या पेटीतल्या वाद्यांचं मला फार वाईट वाटतं. त्यापेक्षा जुन्या काळचा व्हायोलिनवादक पॅगानिनी याची कॅनोने नावाची व्हायोलिन नशीबवान, तो ती इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावाने ठेवून गेला आणि तिथली व्हायोलिनची स्पर्धा जिंकणाऱ्याला ती वाजवायला मिळते. त्या पोराचे हात कसे थरथरत असतील!

माझ्याही गिटारला एक खूण आहे. कपाटावरची धूळ झटकताना पडली होती.