खोकं तिचं, खातं कोणाचं?

बुधवार, रात्री उशिरा

भाचीच्या वाढदिवसाला काय द्यायचं, हा घोळ आज बऱ्यापैकी मिटला. मील किट द्यायचं हे ठरलं होतंच, म्हणजे दर आठवड्याला घरी येणारं खोकं: मोजून दिलेलं कच्चं सामान आणि सोबत कृतीचं कार्ड, शिजवायचं आपण. कुठलं, किती आठवड्यांचं आणि मुख्य म्हणजे कोणाच्या नावावर, इथे घोडं अडलं होतं.

ताईचं म्हणणं सरळ. "तिला पैसेच पाठव, तिचं ती बघेल." बघेल की, पण काय बघेल ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. कॉलेजच्या वयात खाण्यासाठी दिलेले पैसे खाण्यावरच जातात असं नाही, आणि गेले तर मध्यरात्री मागवलेल्या कशावर तरी जातात. मला तिच्या हातात सुरी द्यायची आहे. (लिहिल्यावर हे वाक्य जरा भयंकर दिसतंय. राहू दे.)

सरप्राइज द्यायचा मोह होता, तो सोडला आणि तिलाच फोन लावला. शेगडी आहे का? आहे, मजल्यावरच्या सगळ्या मुलींची मिळून. ओव्हन? नाही. फ्रीज? "आहे ना मावशी, त्यात माझा एक कप्पा आहे. म्हणजे अर्धा." सुरी? "सुरी आहे. कापत नाही." एवढ्या दोन मिनिटांत निम्मी किटं बाद झाली. ओव्हनमध्ये भाजायचे पदार्थ गेले, तीन-तीन भांडी एकदम चुलीवर लागणारे गेले. बरं, किटमध्ये सगळं मोजून येतं असं म्हणतात, पण तेल, मीठ, मिरपूड बहुतेक वेळा घरातलीच धरलेली असते. हॉस्टेलच्या खोलीत ती असेलच कशी? आणि कृतीच्या कार्डावरचा अर्धा तास हा हात बसलेल्या माणसाचा अर्धा तास. कांदा चिरायला दहा मिनिटं लागणाऱ्या मुलीने तो दुप्पट धरावा. जिथे खोलीत शेगडी लावायलाच बंदी असते, तिथे तर किट देऊन उपयोगच नाही. तिथे नुसतं गरम करून खायचं तयार जेवण बरं.

मुळात हा प्रकार विद्यार्थ्यांसाठी निघालेलाच नाही. २००७ मध्ये स्वीडनमध्ये अशी खोकी घरोघरी जायला लागली, २०११ मध्ये बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश निघाली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लू एप्रन. डोळ्यांसमोर होती ती कामावरून दमून येणारी, स्वतःचं स्वयंपाकघर असलेली माणसं. म्हणून बहुतेक किटं कमीत कमी दोघांची असतात. एकटीसाठी हे जास्त होईल, असं ताईला वाटतं. मला उलट ते सोयीचं वाटतं. एक वाटा रात्रीचा, एक दुसऱ्या दिवशीच्या दुपारचा, नाहीतर रूममेटला बोलवायचं. मात्र रूममेटला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे आज बोलता बोलता कळलं. तेव्हा घटकांची यादी तिने दोघींसाठी वाचायची.

खोकं येतं कधी, याचाही विचार करायला हवा. आत बर्फाच्या पिशव्या असतात, पण त्या दिवसभर लेक्चरला बसलेल्या मुलीची वाट बघत थंड राहतीलच याची खात्री नाही. नाशवंत माल फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हा साधा नियम. कडक उन्हाळ्यात तर एकच तास. म्हणून शनिवारची डिलिव्हरी आणि पहिले काही आठवडे बिनमासळीचं, बिनमटणाचं. भाज्या एखादा दिवस विसरल्या तरी माफ करतात. आणि ही विसरणारच.

आता खात्याची गोष्ट. याच्यावर माझी संध्याकाळ गेली.

ही सबस्क्रिप्शनं थांबवली नाहीत तर आपोआप चालू राहतात. एखादा आठवडा नको असेल तर काही दिवस आधी सांगावं लागतं. ती मुदत टळली की खोकं निघालंच आणि पैसेही गेले. विद्यार्थ्याचं वर्ष असं सरळ चालतं का? परीक्षा, सुट्ट्या, सबमिशनच्या रात्री, मैत्रिणीच्या घरचा मुक्काम. खातं माझ्या नावावर ठेवलं तर दर आठवड्याला मीच विचारणार: आहेस का, काय खाणार, मागच्या वेळचं केलंस का? भेट कसली, हजेरीच ती. तिने कंटाळून खोटं "हो" म्हणायचं आणि मी ते खरं मानल्यासारखं करायचं.

गिफ्ट कार्ड पाठवावं, तर त्यातही गोम आहे. बऱ्याच ठिकाणी ते वापरतानाच घेणाऱ्याला स्वतःच्या कार्डाचा नंबर भरावा लागतो. भेटीचे पैसे संपले की पुढचं खोकं तिच्या खात्यातून. वीस वर्षांच्या पोरीला वाढदिवसाचं बिल द्यायचं म्हणजे कमाल झाली. एका कंपनीला मी लिहून विचारलं की मुदत संपल्यावर हे आपोआप थांबतं का. उत्तर आलं, "तुम्ही कधीही रद्द करू शकता." विचारलं काय, सांगताहेत काय! ती कंपनी यादीतून गेली.

शेवटी मिळालं ते असं: ठरावीक खोकी, पैसे आधीच माझ्याकडून, खातं तिच्या नावावर, तिचं कार्ड मागत नाहीत आणि खोकी संपली की विषय संपला. आठवडा पुढे ढकलायचा तर तीच ढकलणार, मला कळणारही नाही. पदार्थ थोडे कमी आहेत यांच्याकडे, पण मला हेच पसंत.

एक आक्षेप तिच्याकडून येणार हे नक्की: एवढंसं सामान आणि एवढं पॅकिंग! छोट्या छोट्या पुड्या बघून मलाही ते खटकतं. पण २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच जेवणं किटमधून आणि तीच दुकानातून सामान आणून, अशी तुलना केली होती. दुकानातल्या सामानाच्या जेवणामागे हरितगृह वायूंचं उत्सर्जन सरासरी ३३ टक्के जास्त निघालं. पॅकिंग किटचंच जास्त होतं, पण मोजून आल्यामुळे अन्न कमी वाया जातं, तिथे फरक पडला. हे तिला सांगेन. ती तरी वाद घालेल, घालू दे.

सोबत एक चांगली सुरी, एक खोलगट पॅन, तेलाची छोटी बाटली आणि मीठ-मिरपूड पाठवायची. खरं तर खोक्यांपेक्षा हीच जास्त टिकतील. पहिलं खोकं परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी. काय मागवायचं ते तिचं तिने ठरवायचं, मी त्या याद्या उघडूनही बघितलेल्या नाहीत.

बरं, एकदा बघितल्या.