वारझाझातचा रोमन सैनिक

माराकेशहून निघालेल्या शेअर टॅक्सीत आम्ही सहा जण कोंबलेले. तिझी-न-तिश्काच्या खिंडीत, 2,260 मीटर उंचीवर, चहाला थांबलो. मी भारतातला म्हटल्यावर ड्रायव्हर 'शाहरुख खान!' म्हणून ओरडला. मोरोक्कोत हे रोजचंच. मी उत्तरादाखल 'अझूल' म्हटलं. अझूल म्हणजे अमाझिग लोकांचा, उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांचा रामराम. तेव्हापासून गडी जो खुलला, तो वारझाझात शहर येईपर्यंत बोलतच होता.

वारझाझात या नावाचा अर्थ 'जिथे गोंगाट नाही' असा सांगतात. पण 1983 पासून इथे ॲटलस स्टुडिओ आहे आणि दिग्दर्शकांचे भोंगे वाजताहेत. आत इजिप्तचं मंदिर आहे. त्याच्या खांबावर टिचकी मारली तर डब्यासारखा पोकळ आवाज आला. जरा पुढे गेलं की तिबेटी मठ, दलाई लामांवरच्या 'कुंदुन'साठी उभारलेला. पन्नाशीचा गाईड तरुणपणी एक्स्ट्राचं काम करायचा. तो बोटांवर मोजत म्हणाला, "रोमन सैनिक झालो, इजिप्तचा गुलाम झालो, बायबलातला मेंढपाळ झालो."

"आणि अमाझिग?"

"त्याला कोण पैसे देतं? आणि तसंही आमचं काम ओरडायचं. कुठल्या भाषेत ओरडलो ते कुणी विचारत नाही."

या लोकांना जग 'बर्बर' म्हणतं, तो शब्द मी इथे आल्यापासून टाळतोय. तो बाहेरच्यांनी चिकटवलेला. ते स्वतःला अमाझिग म्हणतात, अनेकवचन इमाझिगेन. पडद्यावर त्यांची भाषा फ्रेंच अमलातच ऐकू आली होती. 1934 च्या 'इतो' या चित्रपटाचं चित्रीकरण ॲटलसच्या डोंगरात झालं, स्थानिक लोक आपल्याच बोलीत बोलले. इतो ही नायिका मात्र सिमोन बेरियो नावाच्या फ्रेंच नटीने केली! गावच्या लग्नात नवरी तेवढी बाहेरून आणावी, तसला प्रकार.

शेजारच्या अल्जीरियात तर स्वातंत्र्यानंतरही या भाषेला दार बंदच होतं. लेखक मुलूद मामेरींनी 1952 मध्ये काबिली, म्हणजे तिथल्या अमाझिग लोकांच्या, गावावर कादंबरी लिहिली, तीही फ्रेंचमध्ये. 1980 मध्ये काबिली मुलखातल्या तिझी-उझू शहरात त्यांचं काबिली कवितेवरचं व्याख्यान सरकारने रद्द केलं आणि अख्खा प्रदेश पेटला. त्याला 'अमाझिग वसंत' म्हणतात. अब्दर्रहमान बूगर्मूह यांनी त्या कादंबरीवर काबिली भाषेत चित्रपट काढला, तो 1996 मध्ये. फ्रेंचमध्ये जन्मलेली पात्रं 44 वर्षांनी आपल्या आईच्या भाषेत बोलली. ते ऐकायला मामेरी नव्हते, 1989 मध्येच गेले होते.

मोरोक्कोत मात्र गंमत वेगळी. इथे अमाझिग सिनेमा आधी थिएटरात आलाच नाही, तो आला व्हिडिओ कॅसेटवर. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लहुसीन बुइझगारेन यांनी 'तमघार्त न ऊर्घ', म्हणजे 'सोन्याची बाई', काढला. अमाझिग सिनेमाची सुरुवात तिथून धरतात. दक्षिणेकडच्या सूस खोऱ्यातली अमाझिग माणसं कासाब्लांकात किराण्याची दुकानं थाटून बसलेली, कुणी फ्रान्समध्ये कामाला. गावच्या बोलीतली कॅसेट हे त्यांचं घरच्या मातीचं पाकीट. समीक्षकांनी नाकं मुरडली असतील, मुरडोत. माझ्या मते भाषेला थिएटरपेक्षा घरातला टीव्ही जास्त लागतो. तमाझिग्त म्हणजे अमाझिग भाषा, तिची सरकारी वाहिनी 2010 मध्ये आली. त्याआधी वीसेक वर्षं हे काम कॅसेटवाल्यांनीच रेटलं.

शेवटचा मुक्काम अगादीर. इथे 2007 पासून 'इस्नी न ऊर्घ' हा अमाझिग चित्रपट महोत्सव भरतो. (ऊर्घ म्हणजे सोनं, एव्हाना एवढं मला कळायला लागलं होतं.) महोत्सवाचे दिवस नव्हते, म्हणून शेजारच्या इनझगानच्या बाजारात गेलो. चार्जर-रिमोटच्या टपरीत, तळाच्या खोक्यात जुन्या व्हीसीडी होत्या. मुखपृष्ठावर फेटेवाला माणूस डोळे वटारून उभा, मागे एक निर्विकार गाढव. दहा दिरहम दिले. "आता सगळं यूट्यूबवर आहे," दुकानदार म्हणाला, "पण आमची आई अजून हीच मागते."

माझ्याकडे प्लेअर कुठला! हॉटेलच्या रात्रपाळीच्या चाचांनी काउंटरखालून एक जुना काढला, फुंकर मारली, वायर दोनदा हलवली. चित्र आलं. एक बाई दारात उभी राहून नवऱ्याला सणसणीत शिव्या घालत होती. चाचा विनोद येण्याआधीच हसत होते. पंधराव्या मिनिटाला डिस्क अडकली, बाईचं तोंड उघडंच राहिलं.

चाचांनी कमरेवर हात ठेवला आणि तिचं पुढचं भाषण बायकी आवाजात स्वतःच म्हणून टाकलं.