शेगावची पायदळ वारी आणि माझी डावी टाच

चालताना टाच काही बोलत नव्हती. विसावा संपवून उठलो की मग बोलायची.

कुरणखेडला काटेपूर्णेच्या पुलाजवळ दिंडी चहाला थांबली. अर्धा तास बूड टेकलं असेल. उठलो तर डाव्या टाचेत, आतल्या बाजूनं, कोणीतरी खिळा ठोकल्यासारखी कळ. आठ-दहा पावलं लंगडलो, मग ती विरत गेली आणि टाळांच्या ठेक्यात पाय पडू लागला. विणेकरी बुवांनी बघितलंच. "काऊन लंगडून राह्यला बे? नवसात खोट राह्यली का काही?"

खोट राहिली होती, खरं तर. मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं तर प्रकटदिनाला मूर्तिजापूर ते शेगाव अनवाणी जाईन, असं मी बोललो होतो. आणि माझ्या पायात होते जाड तळाचे बूट, वर टाचेखाली सिलिकॉनची गादी.

मी जिनिंगमध्ये काट्यावर असतो. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की नऊ-दहा तास सिमेंटवर उभं राहायचं, तेही झिजून कागद झालेल्या स्लिपरवर. चार वर्षांत वजन अकरा किलोनं वाढलं. गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला आणि भिंत धरली. काट्यावरच्या माणसाच्या टाचेत काटा, म्हणून हमालांनी महिनाभर करमणूक करून घेतली.

उपाय सगळे केले. माय वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवून शेक द्यायची. बरं वाटायचं, तेवढ्यापुरतं. मग तालुक्याला एका दवाखान्यात गेलो. तिथं एक्स-रे काढून "हाड वाढलंय" म्हणाले आणि टाचेत इंजेक्शन दिलं. तीन आठवडे मी हरणासारखा फिरलो, चौथ्या आठवड्यात पुन्हा भिंत. दुसरं इंजेक्शन घ्यायला निघालो होतो, पण भाच्यानं अकोल्याच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेलं.

त्यांनी टाच आधी अंगठ्यानं दाबून पाहिली, मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून. बाजूंनी दाबल्यावर दुखलं असतं तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागली असती, म्हणाल्या. मग समजावलं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, पायाची कमान तोच तोलून धरतो. टाचेपाशी तो ताणून ताणून झिजला की प्लँटार फॅशिआयटिस. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. वाढलेल्या हाडाचं म्हणाल तर, ते एक्स-रेत दिसतं पण टाच कधीच दुखत नाही, अशी माणसं कितीतरी असतात. आणि त्या इंजेक्शनचा गुण थोडे दिवसच टिकतो. वारंवार घेतलं तर पट्टा तुटायची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायची भीती.

वारीचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, जा, पण अनवाणी नाही.

घरी येऊन तोंड पाडून बसलो. माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "महाराजायनं तुले चपला सोडाले सांगतलं होतं का? तूच बोल्ला, तूच फेड. पंगतीत वाढ दोन दिवस."

दिवाळीपासून माघापर्यंत तीन महिने मिळाले. खाटेवरून उतरायच्या आधी पाय मांडीवर घ्यायचा, बोटं नडगीकडे ओढायची, दहा मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. थोडं बरं वाटल्यावर एक दिवसाआड पायरीवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, एका पायावर टाच सावकाश वर न्यायची, तशीच सावकाश खाली. पहिले सहा आठवडे काडीचा फरक नाही, मी तर सोडूनच देणार होतो. सोबत चालणं वाढवत नेलं, दोन किलोमीटरवरून बारापर्यंत. घरातही आता चप्पल घालतो. सुरुवातीला बायको उंबरठ्यावर उभी राहून बघायची, आता बोलत नाही.

पहिला मुक्काम बोरगाव मंजूला, शाळेच्या वऱ्हांड्यात. पहाटे काकड्याला सगळे उठले आणि मी सतरंजीवर बसून पाय ओढतोय. तरी पहिलं पाऊल बोचलंच, पण भिंत लागली नाही. दुसऱ्या दिवशी अकोला ओलांडून गायगावच्या गणपतीला पोचलो. तिथं एका लस्सीवाल्यानं पाण्याची बाटली बर्फात ठेवून गोठवून दिली. ती पायाखाली मागं-पुढं लाटत बसलो, पोळी लाटावी तशी. त्याच्याकडचं पोरगं हसून हसून बेजार. तेव्हापासून एक शहाणपण आलं: विसाव्याला पूर्ण बसायचंच नाही, आणि बसलोच तर दिंडी हलायच्या पाच मिनिटं आधी बोटं ओढून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी निंबा फाट्यापासून रस्ता नुसता माणसांचा. "गण गण गणात बोते" मागून यायचं, पुढं जायचं. शेगावात पोचलो तेव्हा टाच शांत होती.

दुखली ती दर्शनबारीत. बूट काढून ठेवलेले, खाली थंडगार फरशी आणि तास-तास उभं राहणं. पंच्याऐंशी किलोमीटरनं जे केलं नाही ते रांगेनं केलं. मी कठड्याला धरून टाचा वर-खाली करत राहिलो.

मागच्या म्हातारीनं बराच वेळ पाहिलं. मग तीही करायला लागली. "भाऊ, माहीबी टाच लय दुखते. दोन्ही. तळवे तं बधिरच झाले."

मी थांबलो. "मावशी, शुगर तपासली का कधी?"

"नाही बाप्पा."

"मग हे नका करू. आधी रक्त तपासा. पायात खुपलेलं समजते का तुम्हाले?"

तिनं खाली वाकून तळवा उलटा करून दाखवला. अंगठ्याखाली बाभळीचा काटा रुतलेला होता, किती दिवसांचा कोणास ठाऊक. तिला पत्ता नव्हता. रांग पुढं सरकली, पण आम्ही दोघं कठड्याखालून बाहेर निघालो आणि प्रथमोपचाराचा तंबू शोधायला लागलो.