तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीचा बोअर वाढवून का देत नाही

पावसाळा सरला की धुळ्यातल्या माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न येतोच: नळी आतून गंजली आहे, गोळीला फिरकी देणाऱ्या रायफलिंगच्या खाचा गेल्या आहेत, तर तीच नळी मोठ्या बोअरची, म्हणजे आतून रुंद भोकाची, करून चेंबर (काडतूस बसते ती मागची जागा) नव्या काडतुसासाठी का कापून देत नाही? ‘जमत नाही का?’ असेही वर विचारतात. ते मला लागते, कारण या कामाची मला मनापासून ओढ आहे. अमेरिकेतले कारागीर थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसाची झिजलेली नळी ३५ व्हेलन या जाड गोळीच्या काडतुसासाठी कापतात. दोन्हींचे कवच मुळात एकच, फक्त मान रुंद केलेली. त्यामुळे बोअर वाढवल्यावर चेंबरची मान आणि पुढचा घसा (जिथून खाचा सुरू होतात तो भाग) एवढेच नव्याने कापावे लागते आणि नळीवरचे जुने छाप जसेच्या तसे राहतात.

शिरपूर तालुक्यातले एक शेतकरी वडिलांची ३१५ बोअरची रायफल घेऊन आले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा मका रानडुकरे उभा राहू देत नव्हती. बोल्ट काढून मी नळी उजेडाकडे धरली. तोंडाकडच्या खाचा बऱ्या होत्या, पण चेंबरच्या थोडे पुढे काळे खड्डे पडलेले होते आणि तिथून फिरवलेला चिंधीचा बोळा दर वेळी धागे सोडून येत होता. जुन्या काडतुसांच्या कॅपमधले (ठिणगी देणाऱ्या टोपीतले) क्षार नळीत राहतात, हवेतली ओल ओढतात आणि पाण्याने धुऊन काढले नाहीत तर पोलाद खातात. ‘मन्हा बापनी शे, भाऊ,’ एवढेच ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्ती आणि रूपांतर हे दोन वेगळे शब्द आहेत आणि माझा परवाना दुरुस्तीचा आहे. तुमच्या परवान्यावर ३१५ लिहिलेले असताना बोअर बदलला, तर हातातले शस्त्र कागदावरचे राहणार नाही. शिवाय ३१५ ची काडतुसे आपल्या खडकीला बनतात, दुसरी कुठून आणाल? त्यांनी सगळे ऐकून घेतले, रायफल गोधडीत गुंडाळली आणि विचारले, ‘मग ही आता भिंतीला टांगू का?’ मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत.

काम शिकत होतो तेव्हा मी म्हणायचो की पोलाद शिल्लक आहे तोवर नळी मेलेली नसते. आजही ते मला खोटे वाटत नाही. मात्र खड्ड्याच्या तळापर्यंत कापत गेल्यावर, जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथेच नळीची भिंत पातळ होणार, आणि काडतूस चेंबरमध्ये नीट टेकते का हे तपासणारे हेडस्पेसचे गेज बरोबर बसले तरी ते भिंतीची ताकद सांगत नाही. त्यावर माझ्यातला तेव्हाचा शिकाऊ मुलगा म्हणेल, मग भिंत मोजा, जादा दाबाच्या काडतुसाने नळीची चाचणी घ्या, नुसते नाही का म्हणता? त्याचे म्हणणे रास्त आहे. उद्या रूपांतराचा परवाना हाती आला, तर पहिली नळी मी बहुधा त्या शिरपूरच्या गृहस्थांचीच मागून घेईन. त्या खड्ड्यांवर रीमर (भोक कापून रुंद करणारे हत्यार) लावीन की नाही, ते मात्र आज सांगता येत नाही.