आईने 'कौटुंबिक सिनेमा' निवडला

आज जेवणं उरकल्यावर आईला यूट्यूबवर एक ट्रेलर दाखवला. लेखक बाबा, गोड मुलगा, बर्फातलं मोठं हॉटेल, मागे पीटर गॅब्रिएलचं उमेदीचं गाणं. आई म्हणाली, "छान आहे गं, रविवारी सगळे मिळून बघू."

सिनेमा होता दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा भयपट 'द शायनिंग'!

हा खोटा ट्रेलर 2005 मध्ये रॉबर्ट रायँग नावाच्या सहाय्यक संकलकाने एका स्पर्धेसाठी केला होता. दृश्यं मूळ सिनेमातलीच. बदलला फक्त क्रम, वर जोडला निवेदकाचा आवाज आणि गाणं. एवढ्यावर कुऱ्हाड घेऊन धावणारा माणूस प्रेमळ बाप होतो!

मग 1980 च्या त्या सिनेमाचा खरा ट्रेलर लावला. एकच स्थिर दृश्य. लिफ्टची दोन दारं, वर सरकणारी नावं, कर्कश होत जाणारं संगीत. माणूस नाही, संवाद नाही, गोष्टीचा पत्ता नाही. आणि मग दारातून रक्ताचा लोंढा, त्यात खुर्च्या वाहतायत. आईने पदर तोंडाला लावला. "बंद कर ते!"

कथा शून्य, पण भयपट आहे हे सांगायला दीड मिनिट पुरलं. नाहीतर हल्लीचे ट्रेलर. मध्यंतर, खलनायक, कधीकधी शेवटसुद्धा सांगून मोकळे. (पूर्वी ट्रेलर सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून ते नाव. आता सिनेमाच आधी संपवतात.)

रविवारचा बेत आईने रद्द केलाय. मला मात्र संध्याकाळपासून दोनदा विचारून झालं, "त्या पोराचं पुढे काय होतं गं?"